एकवीसमधला एक

१

माझ्या वडिलांनी चौदा वेळा खोटं लिहिलं, असं सांगणारं पत्र ते गेल्यानंतर नवव्या दिवशी आलं.

पत्र त्यांच्या कंपनीचं होतं. बाबा लिफ्ट तपासायचे. इमारतीत जायचं, दोर, ब्रेक, दारं बघायची, अहवाल लिहायचा, आणि त्याला प्रवासाचा फॉर्म जोडायचा. कंपनी गाडी देत नसे. प्रत्येकाने आपली गाडी वापरायची आणि किलोमीटरमागे ठरलेला दर घ्यायचा. फॉर्म नसेल तर अहवाल दाखल होत नसे. फॉर्म आहे म्हणजे माणूस तिथे गेला होता, एवढा साधा त्यांचा विश्वास होता.

पत्रात लिहिलं होतं की गेल्या तीन महिन्यांत बाबा चौदा इमारतींना गेलेच नाहीत. घरबसल्या फॉर्म भरले, पैसे घेतले, आणि लिफ्ट ठीक असल्याचे अहवाल दिले. त्या चौदांपैकी एक लिफ्ट चौथ्या मजल्यावरून सुटली. आत एक बाई आणि तिची सासू होती. दोघी वाचल्या, पण सासू पुन्हा चालेल की नाही, डॉक्टर सांगत नव्हते. चौकशी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी, बाबांची गाडी शहराबाहेरच्या तलावात सापडली. गाडीत बाबा होते, पट्टा लावलेले.

पत्रात ‘आत्महत्या’ हा शब्द नव्हता. ‘संबंधित कर्मचाऱ्याची मनःस्थिती लक्षात घेता’ असं होतं. मी छापखान्यासाठी मुद्रितं तपासते. एखादा शब्द कुठे टाळलाय, ते मला लगेच दिसतं.

त्या बुधवारी निरोप आला तेव्हा मी माझ्या घरून बसने आईकडे निघाले. जुना पूल सोमवारपासून दुरुस्तीसाठी बंद होता. बस नव्या पुलाला वळसा घालून गेली आणि पाऊण तास जास्त लागला. त्या पाऊण तासात बाबा जिवंत आहेत असं मी स्वतःला समजावत होते. पोलिसांच्या आवारात गाडी बघितली, तेव्हा समजावणं संपलं.

गाडी नाकावर पाण्यात गेली होती. तरी मागचा बंपर डाव्या बाजूला चेपला होता आणि त्या खोबणीत नखाएवढा काचेचा तुकडा अडकला होता. मी तो काढून हवालदारांना दाखवला.

“पाण्यात दगड असतात, ताई,” ते म्हणाले.

दगड असतात, पण काच असते का? मी तुकडा रुमालात बांधून ठेवला.

आईने पत्र वाचलं, घडी घातली, आणि मला पुन्हा दिलं. मला वाटलं ती म्हणेल, हे खोटं आहे. ती म्हणाली, “असेलही.”

बाबा खोटारडे होते, आणि आम्हाला टाकून आपणहून गेले, असं माझ्या आईला वाटत होतं. त्या क्षणी मला पहिल्यांदा भीती वाटली. कारण आई उगाच काही मानणारी नव्हती. तिला काहीतरी माहीत होतं.

२

काका रोज संध्याकाळी यायचे. बाबांचे ऑफिसातले जोडीदार, बावीस वर्षांची सोबत. यायचे, “वहिनी, चहा नको,” म्हणायचे आणि दोन कप घ्यायचे. बाबांच्या खुर्चीकडे बघून एकदा म्हणाले, “गेला आमचा एकवीसमधला एक.”

लाखात एक म्हणतात, हे ऐकलं होतं. एकवीसमधला एक म्हणजे जरा कंजूष कौतुक वाटलं. पण काका तसेच होते.

ते आले की आई उठून आत जायची. मग काका आवाज खाली आणायचे.

“बाळ, त्याची डायरी सापडली का गं?”

“कुठली, काका?”

“निळी. मीटरची.”

ती डायरी आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होती. गाडी सुरू करण्याआधी बाबा मीटरचा आकडा लिहायचे, पोचल्यावर पुन्हा लिहायचे. कामाचा फेरा असेल तर समोर इमारतीचं नाव. स्वतःचा असेल तर एकच शब्द, ‘घरचे’. घरचे किलोमीटर कंपनीच्या हिशोबातून कापायचे. भाजी आणायला गेले तरी लिहायचे. आई म्हणायची, “उद्या स्वयंपाकघरातून मोरीपर्यंत गेलात तर तेही लिहा.” एक डायरी तीन महिने पुरायची, मग नवी. नवी पाण्यात गेली होती. जुनी, ज्यात त्या चौदा तारखा होत्या, ती कुठेच नव्हती.

“नाही सापडली,” मी म्हटलं.

“शोध. आणि सापडली तर आधी मला दे.” मग ते बाबांच्या टेबलाशी गेले. कुलपाची किल्ली कॅलेंडरमागे असते हे त्यांना माहीत होतं. खण उघडला, हात आतपर्यंत घातला, मागची फळी चाचपली. स्वतःच्या घरात असल्यासारखं.

“काका, मी बघितलंय तिथे.”

“हो, हो.” त्यांनी खण बंद केला. “बाळ, दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. कुणीही मागितली तरी. निदान...”

आई पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती. काकांनी वाक्य गिळलं आणि चपला घातल्या.

त्याच सुमाराला फोन सुरू झाले. दुपारी वाजायचा. उचलला की पलीकडे कुणी बोलायचं नाही. फक्त श्वास, जिना चढून आलेल्या माणसासारखा. एकदा मी विचारलं, “कोण आहे?” श्वास थांबला. फोन मात्र ठेवला नाही. शेवटी मीच ठेवला, आणि दाराची कडी नीट लागली आहे का, ते बघून आले. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. उजेडातल्या भीतीपासून कुठे पळायचं, हे कुठल्याही पुस्तकात मी वाचलेलं नव्हतं.

रात्री मी आईला विचारलं, “डायरी तुला दिसली होती का?”

“नाही,” ती म्हणाली. फार लवकर म्हणाली.

३

एकोणिसाव्या दिवशी मी बाबांच्या ऑफिसात गेले.

त्यांच्या विभागाचे साहेब आठ महिन्यांपूर्वी दुसऱ्या शहरातून बदलून आले होते. टेबल स्वच्छ, आवाज मऊ. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले.

“मी घरी यायला हवं होतं, मॅडम. पण नदीपलीकडे तुमच्या बाजूला येणंच झालं नाही.”

चौदा फॉर्म त्यांनी ओळीने मांडले. बाबांचं अक्षर किंवा बाबांसारखं अक्षर. सुरुवातीचा मीटर, शेवटचा मीटर, एकूण किलोमीटर.

“वाईट वाटतं सांगायला,” ते म्हणाले, “पण काम सफाईदार आहे. आता सगळे फॉर्म संगणक तपासतो. मीटरमधला फरक नकाशातल्या अंतराशी जुळला तर हिरवा शेरा, जास्त असला तर लाल. हे चौदाही हिरवे. एका किलोमीटरचा फरक नाही. चूकच नाही कुठे.”

चूकच नाही. माझ्या धंद्यात, ज्या पानावर एकही चूक सापडत नाही ते पान मी दुसऱ्यांदा वाचते.

“बुधवारी त्यांना तलावाकडे कुणी पाठवलं होतं?”

“कुणीच नाही. तिथे लिफ्टच नाही.” त्यांनी टेबलावरचे फॉर्म सरळ केले. “मी स्वतः त्या दुपारी रुग्णालयाच्या लिफ्टला गेलो होतो. जुन्या पुलावरून, जाऊन-येऊन चव्वेचाळीस किलोमीटर. माझाही फॉर्म आहे. आमच्याकडे साहेबालाही सवलत नाही. गेटवर पहारेकरी जाता-येता प्रत्येक गाडीचा मीटर लिहून घेतो.”

मी ते विचारलं नव्हतं. फॉर्म मात्र त्यांनी काढून दाखवला.

“तुमच्या वडिलांची जुनी डायरी मिळाली तर बरं होईल,” ते म्हणाले. “कदाचित त्यांचं नाव साफही होईल.”

प्रती घेऊन मी खाली उतरले. तळमजल्यावर जिन्याखाली एक खोली आहे, तिथे किलोमीटरबाई बसतात. खरं नाव त्यांनाही आठवत नसेल. सव्वीस वर्षं त्या सगळ्यांचे प्रवासाचे फॉर्म तपासत आल्या. कुठूनही कुठवर किती अंतर, विचारा.

“ये गं,” त्या म्हणाल्या. “तुझ्या बाबांसारखीच चालतेस, भिंतीकडेनं.” त्यांनी मला पाणी दिलं आणि रडू येऊ नये म्हणून लगेच बोलायला लागल्या. “माझ्या नवऱ्याने लग्नात विचारलं, माहेर किती लांब? म्हटलं अठ्ठावीस किलोमीटर. भांडलास तर एकेरी.”

मला हसू आलं. एकोणीस दिवसांत पहिल्यांदा.

“हे फॉर्म तुम्ही पास केलेत, बाई?”

“मी? हल्ली माझ्याकडे फक्त लाल शेऱ्याचे येतात. हिरवे सरळ वर जातात.” त्यांनी चष्मा चढवला. पहिला फॉर्म बघितला, दुसरा, तिसरा. बोट आकड्यांवरून सरकत होतं. मग बोट थांबलं.

“हे सगळे हिरवे होते?”

“चौदाही.”

“तुझ्या बाबांचे?” त्यांनी दरवाज्याकडे बघितलं आणि उठून तो लोटून घेतला. “सहा वर्षांपूर्वीची एक फाइल आहे, मागच्या कोठारात. तासाभरात तुला फोन करते. तोवर कुणाशी काही बोलू नकोस.”

“काय झालंय, बाई?”

“आधी कागद बघू दे. माझ्या आठवणीवर कुणाला फासावर लटकवायचं नाहीये मला.”

४

मी गेटाशी उभी होते. मागून एक गाडी येऊन अगदी जवळ थांबली. साहेबांनी आतूनच दार उघडलं.

“बसा, मॅडम. मी आत्ताच तुमच्या घरी फोन केला होता. तुमच्या आई म्हणाल्या, डायरी त्यांच्याकडेच आहे. चला, जाऊन घेऊनच येऊ.”

आईकडेच आहे. म्हणजे ती माझ्याशी खोटं बोलली होती, आणि या परक्या माणसाला खरं सांगून मोकळी झाली होती. ती घरात एकटी होती. मी बसले नसते तरी ते जाणारच होते.

मी बसले.

पहारेकरी वही घेऊन खिडकीशी वाकला. “मीटर सांगा, साहेब.” साहेबांनी सांगितला. “सोबत कोण?”

“लिहायची गरज नाही,” साहेब म्हणाले.

“नियम आहे ना, साहेब. तुम्हीच काढलाय.” त्याने माझ्याकडे बघून लिहिलं.

दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. मी तो खिडकीकडच्या कानाला लावला.

“गेटवरून कळलं मला,” किलोमीटरबाई म्हणाल्या. आवाज घट्ट धरलेला. “त्याच्याच गाडीत आहेस ना? हो किंवा नाही एवढंच म्हण.”

“हो. छापखान्यातून ना? बोला.”

“हुशार आहेस. आता तोंडावर काही दिसू देऊ नकोस आणि ऐक. तुझ्या बाबांची गाडी जुनी. सहा वर्षांपूर्वी तिच्या मापाचे टायर मिळेनात, गॅरेजवाल्याने एक माप लहान बसवले. चाक लहान झालं की फेरे जास्त होतात. वीस किलोमीटर गेलं की मीटर एकवीस दाखवायचा. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता, दर वीसमागे वरचा एक खिशात. तुझे बाबा रस्त्यावरच्या दगडांशी मीटर ताडून आले आणि कंपनीला पत्र लिहिलं, माझ्या मीटरमधून एकवीसला एक कापा. ते पत्र माझ्या हातात आहे. सगळं ऑफिस हसलं होतं. काकांनी तर नावच पाडलं, एकवीसमधला एक. ऐकतेस ना?”

“हो. वाचतेय.”

“त्यांच्या खऱ्या फॉर्मवर मीटरचा फरक नकाशापेक्षा जास्त असतो. खाली स्वतः कापून एकूण लिहितात. संगणक दर वेळी लाल करतो, मी दर वेळी हाताने पास करते. सहा वर्षांत त्यांच्या मीटरने एकदाही नकाशाला हो म्हटलं नाही. आणि हे चौदा? वीसला वीस, चौतीसला चौतीस. हे भरणाऱ्याने मीटर पाहिलाच नाही, नकाशा पाहिला. उंटावरून शेळ्या हाकल्या. त्याला टायर माहीत नव्हते. आता सांग, ऑफिसात हा विनोद माहीत नसलेला माणूस कोण? आठ महिन्यांत नवीन आलेला एकच आहे.”

मी समोर बघत राहिले. सिग्नल लाल होता. रस्त्याच्या वळणावर फर्निचरचं मोठं दुकान होतं आणि त्याच्या काचेत आमची गाडी समोरून दिसत होती. उजवा दिवा जुना, पिवळसर, धुरकटलेला. डावा कोरा, पाण्यासारखा स्वच्छ.

माझ्या पिशवीत रुमाल होता, आणि रुमालात काच.

“काकांना तुझ्या आईकडे पाठवलंय,” बाई म्हणाल्या. “घाबरू नकोस त्यांना. तू फक्त वेळ काढ.”

फोन बंद झाला.

“काही गंभीर?” साहेबांनी विचारलं.

“एका पानावर चूक राहिली होती,” मी म्हटलं. “सापडली.”

सिग्नल हिरवा झाला.

५

वेळ कसा काढतात? मी बाबांबद्दल बोलत राहिले. ते किती कमी बोलायचे, वगैरे. माझा आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा ऐकू येत होता. साहेब मान हलवत होते. त्यांची बोटं चाकावर ताल धरत होती.

पुढे रस्त्याला फाटा होता. डावीकडे जुना पूल, सरळ गेलं की नवा. साहेबांनी डावीकडचा दिवा लावला.

मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

जुना पूल बंद होता. बाबा गेले त्याच्या दोन दिवस आधीपासून. नदीपलीकडे राहणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत होतं, कारण रोज वळसा घालावा लागायचा. यांना माहीत नव्हतं. आणि त्या बुधवारी ते याच पुलावरून रुग्णालयात जाऊन आले होते. चव्वेचाळीस किलोमीटर. नकाशाशी तंतोतंत.

तलावही ऑफिसपासून बावीसवरच होता. हवालदारांनी पंचनाम्यात लिहिलं होतं. गेटवरच्या वहीत चव्वेचाळीस किलोमीटर उमटले होते, ते कुठेतरी दाखवायला हवे होते. म्हणून त्यांनी नकाशावर तेवढ्याच अंतरावरची लिफ्ट शोधली होती.

“जवळचा रस्ता हाच ना?” मी विचारलं.

“अर्थात. त्या दिवशीही इथूनच गेलो होतो.”

गाडी वळली. दोन्ही बाजूंना बंद गोदामं सुरू झाली. एकही माणूस दिसेना. साहेबांनी आरशात बघितलं, मागे काहीच नव्हतं. मग त्यांच्या बाजूचं एक बटण त्यांनी दाबलं आणि चारही दारं टक्कन लागली.

“मॅडम,” ते म्हणाले, “छापखान्यातल्या बाईंचा आवाज फार ओळखीचा वाटला मला.”

माझा हात पिशवीवर होता. तो तिथेच राहिला.

“तुमचे वडील चांगले होते. पण हट्टी. खात्यात थोडे ज्यादा पैसे आले म्हणून कुणी एवढा गाजावाजा करतं का? त्यांना मी म्हटलं, ठेवा. नाही म्हणाले.” त्यांनी वेग वाढवला. “डायरी तुम्ही वाचलीत?”

“नाही.”

“खरं सांगा.”

वळण आलं आणि साहेबांनी करकचून ब्रेक दाबला.

रस्त्यावर आडवे पिंप. पिंपांमागे खडीचे ढीग, रोलर, वीस-पंचवीस माणसं, आणि त्यांच्या पलीकडे पुलाच्या मधोमध आभाळ. मधला एक गाळाच काढून टाकलेला होता. पिवळी टोपी घातलेला एक मजूर लाल झेंडी घेऊन आमच्याकडे आला आणि काचेवर टकटक केली. साहेबांना काच खाली करावीच लागली.

“अहो, पाटी वाचता येत नाही का? मागे फिरा.”

“दादा,” मी साहेबांच्या पुढून वाकून विचारलं. माझा आवाज मला परत मिळाला होता. “पूल कधीपासून बंद आहे?”

“आज सोमवार. बरोबर तीन आठवडे झाले.”

“म्हणजे त्याच आठवड्यातल्या बुधवारी इथून एखादी गाडी पलीकडे गेली असेल?”

तो हसला. “गाडी? उंदीरसुद्धा गेला नाही, ताई. पहिल्याच दिवशी मधला गाळा काढला.”

साहेबांनी हळूच मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यात खूप माणसं वाचली आहेत, बहुतेक कागदावर. पण एखादा चेहरा असा रिकामा होताना कधी बघितला नव्हता. ते मनात काहीतरी मोजत होते.

“दार उघडा, साहेब,” मी म्हटलं. “गेटवर तुमचा मीटर लिहिलाय. सोबत कोण, तेही लिहिलंय. हे किलोमीटर कुठे दाखवणार?”

झेंडीवाला अजून खिडकीशी उभा होता. त्याच्यामागे आणखी दोघं येऊन उभे राहिले.

टक्कन दारं उघडली. मी उतरले. पाय जमिनीला लागेपर्यंत ते मला आहेत, हे आठवत नव्हतं.

६

काच दिव्याला जुळली. बाकीचं पोलिसांनी केलं. साहेबांना इमारतवाल्यांकडून काय मिळत होतं, न गेलेल्या चौदा फेऱ्या त्यांनी बाबांच्या नावावर का टाकल्या, बाबांना तलावाच्या उतारावर कुठलं निमित्त सांगून बोलावलं आणि मागून धक्का कसा दिला, ते सगळं त्यांच्या जबाबात आहे. मी जबाब वाचला नाही. मुद्रितं तपासणाऱ्या बाईने न वाचलेला तो एकच मजकूर.

त्या दिवशी मजुरांच्या टेम्पोतून मी घरी पोचले, तेव्हा दारात काका बसले होते. उंबऱ्यावर, हातात बाबांची जुनी छत्री, काठीसारखी धरलेली.

“फोन मीच करायचो, बाळ,” ते म्हणाले. मी काहीच विचारलं नव्हतं. “त्याने मला सांगितलं होतं, साहेबांशी बोलायला चाललोय म्हणून. मला संशय होता. पण नोकरीची दोन वर्षं राहिलीत, पाण्यात राहून माशाशी वैर... तू ‘कोण आहे’ म्हणायचीस आणि माझी जीभच उचलायची नाही. इथे आलो की वहिनी आतून ऐकत असायच्या. डायरी मिळाली असती तर तीच बोलली असती, असं वाटायचं.”

“आत या, काका. चहा घ्या.”

“नको,” ते म्हणाले, आणि आत आले.

काका गेल्यावर आईने उशीच्या अभ्र्यातून निळी डायरी काढली. माझ्याकडे न बघता दिली.

“साहेबांनी फोनवर विचारलं, तर हो म्हणून बसले. ऑफिसच्या हिशोबाचं मला काही कळत नाही,” ती म्हणाली. “शेवटचं पान बघ.”

शेवटचं पान मंगळवारचं होतं. ‘खात्यात ज्यादा आले. माझे नव्हेत. उद्या साहेबांना विचारणे.’ चौदाही तारखांना बाबा भलतीकडेच होते, आकड्यांसकट. हे पान आईने तीन आठवडे उशीत ठेवलं होतं.

“का, आई?”

“मागची पानं बघ. रविवार.”

मी बघितलं. रविवारी सकाळी निघाल्याचा आकडा, परतल्याचा आकडा, फरक बेचाळीस. पुढच्या रविवारी बेचाळीस. त्याच्या पुढच्याही. तीन महिन्यांत अकरा वेळा.

“मला सांगायचे, चाकांत हवा भरून येतो,” आई म्हणाली. “बेचाळीस किलोमीटर हवा भरतं कुणी? गेल्यावर ही डायरी सापडली तेव्हा कळलं. मग कसला हट्ट करायचा, की ते खोटं बोलणारे नव्हते? माझ्याशी अकरा वेळा बोलले होते.”

“दुसरं कुणी आहे असं वाटलं तुला?”

“आधी वाटलं, तुझ्याकडे येत असतील. मनाची समजूत घातली. पण तुझं घर बरोबर वीसवर आहे. सात वर्षांपूर्वी तू घेतलंस तेव्हा त्यांनीच मोजलं होतं, जुन्या टायरांवर. जाऊन-येऊन चाळीस. हे बेचाळीस आहेत. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत म्हटलं असतं, दोनाने काय होतं. पण हे? हे दोन किलोमीटर चुकणारे होते का?”

मी टेबलावरची पेन्सिल घेतली.

“आई, तू आत्ता काय म्हणालीस? जुन्या टायरांवर?”

“काका आत्ता सांगत होते ना, ते लहान टायर... मला कुठे माहीत होतं. माझ्याजवळ बोलले असते तर मी म्हटलं असतं, खर्च कशाला केलात.”

डायरीच्या कोपऱ्यात मी लिहिलं. एकवीसला एक, तर बेचाळीसला दोन. बेचाळीस वजा दोन.

आईने वाकून उत्तर बघितलं. मग खुर्चीचा हात धरून खाली बसली.

“मग वर का नाही आले?” तिने विचारलं.

दीड वर्षापूर्वी माझा संसार मोडला, तेव्हा बाबा न कळवता आले होते. मी तीन दिवसांचे कपडे घालून दार उघडलं होतं. त्यांनी मला तसं बघितलेलं मला सहन झालं नाही. म्हटलं होतं, बाबा, येण्याआधी फोन करत जा.

“मी सांगितलं होतं, फोन करून या.”

“त्यांना कुठे फोनवर बोलता यायचं,” आई म्हणाली.

माझ्या गल्लीच्या तोंडाशी, पेट्रोल पंपासमोर, गाडी लावायला जागा आहे. तिथून माझी खिडकी दिसते. रविवारी सकाळी मी तिथे बसून पानं तपासते.

मी पहिल्या रविवारापासून पानं पुन्हा उलटली. अकरा फेऱ्या. प्रत्येक आकड्यासमोर, जिथे जागेचं नाव लिहायचं असतं तिथे, त्यांनी त्यांच्या सरळ, न घाई केलेल्या अक्षरात लिहिलं होतं: घरचे.